गस्त आणि जमाव

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. सीसीटीव्हीतून काढलेला, धूसर. पाठीला सॅक लावलेला एक तरुण जिन्याजवळ उभा आहे. खाली मजकूर होता : ‘काल दुपारी आपल्या इमारतीत फिरत होता. कुठेही दिसला की आधी धरा, मग विचारा.’ दोनच दिवसांपूर्वी तळमजल्यावरून एका मुलाची सायकल चोरीला गेली होती. तासाभरात रात्रीच्या गस्तीची यादी तयार झाली. यादीत माझे नाव नव्हते, वयामुळे असेल. पण गस्तीचा अनुभव या इमारतीत बहुधा माझाच सर्वांत जुना आहे.

आमची इमारत पुनर्विकासात उभी राहिली. तिच्या जागी पूर्वी आमची चाळ होती, खोपटच्या एसटी आगारापासून चालत पाच मिनिटांवर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर चड्डी-बनियन टोळीच्या नावाने आमचा सगळा भाग धास्तावला होता. अंगाला तेल फासून येतात, घरात शिरल्यावर आधी मारतात आणि मग लुटतात, अशी वर्णने रोज कानावर यायची. चाळीतल्या पोरांनी गस्त सुरू केली. दांडकी, बॅटऱ्या, शिट्ट्या, कोपऱ्यावर शेकोटी आणि बाराच्या सुमारास कुणाच्या तरी घरून येणारा चहा. खरे सांगायचे तर मजा यायची. आठ दिवसांत एकही चोर दिसला नाही, आणि नेमके तेच आम्हाला सलू लागले होते.

नवव्या की दहाव्या रात्री, दीडच्या पुढे, एक माणूस गल्लीत शिरला. डोक्यावर गाठोडे, पायांत चप्पल नाही, प्रत्येक दारासमोर थबकून पाहत होता. ‘कोण रे?’ म्हणताच तो बावरला आणि मागे वळला. त्याचे वळणे आम्हाला पुरे झाले. पहिला फटका कुणी मारला ते आजही मला ठाऊक नाही. मी मारला नाही. मी बॅटरी धरली होती. पुढे बरीच वर्षे हे मी स्वतःला समाधानाने सांगत आलो. बॅटरीचा उजेड नसता तर फटका कुठे मारायचा ते कुणालाच दिसले नसते, हे कळायला वेळ लागला.

आगारात मुक्कामी असलेले एक कंडक्टर आरडाओरडा ऐकून धावत आले. ‘अहो, सोडा त्याला! माझ्या गाडीतनं उतरलाय तो. तिकीट तरी विचारलंत का?’ तिकीट त्याच्या खिशातच होते. बहिणीच्या बाळंतपणाला आला होता, पत्ता तोंडी सांगितलेला, चाळीचे नाव चुकलेले. कपाळाला खोक पडली होती. सकाळी आम्ही त्याला बहिणीकडे पोचवले. त्याने तक्रार केली नाही. त्याने ती करू नये म्हणून आमच्यातले मोठे त्याच्याशी किती गोड बोलले, तेही मी ऐकले. दुसऱ्या दिवसापासून गस्त आपोआप बंद पडली आणि त्या रात्रीविषयी चाळीत पुन्हा कुणी बोलले नाही.

इस्टाडचा वॉलंडर

हे सारे मी विसरल्यात जमा होते. ते वर आले एका स्वीडिश गुप्तहेर मालिकेमुळे. लेकीने लावून दिली म्हणून पाहायला बसलो आणि मग मूळ कादंबऱ्यांपर्यंत गेलो. हेनिंग मांकेल (१९४८–२०१५) या लेखकाने कुर्ट वॉलंडर नावाचा पोलीस अधिकारी निर्माण केला. स्वीडनच्या दक्षिण टोकाला असलेले इस्टाड हे लहानसे बंदराचे गाव त्याचे कार्यक्षेत्र. रोल्फ लासगोर्ड आणि नंतर क्रिस्टर हेन्रिक्सन यांनी स्वीडिश पडद्यावर हा वॉलंडर रंगवला. बीबीसीने केनेथ ब्रॅनाला घेऊन त्याची इंग्रजी मालिकाही केली.

वॉलंडरची पहिली कादंबरी १९९१ ची. तिच्या नावाचा अर्थ ‘चेहरा नसलेले मारेकरी’. आडवळणाच्या एका शेतघरात म्हाताऱ्या जोडप्यावर अमानुष हल्ला होतो. नवरा जागीच जातो. बायको इस्पितळात मरते आणि मरताना एकच शब्द पुटपुटते, ‘परदेशी’. हा शब्द बाहेर फुटतो. तेवढ्या एका शब्दावर आसपासच्या निर्वासितांच्या छावण्यांवर हल्ले होतात आणि एका सोमाली माणसाला गोळी घालून मारले जाते. त्याचा त्या शेतघराशी सुतराम संबंध नसतो. वॉलंडरला आता दोन खुनांचा तपास करावा लागतो, एक चोरट्यांनी केलेला आणि दुसरा ‘न्याय’ म्हणून केलेला.

१९९६ मधल्या ‘पाचवी स्त्री’ या कादंबरीत हेच सूत्र पुढे जाते. खुनांचे सत्र चालू असते, पोलीस चाचपडत असतात आणि गावोगावचे नागरिक स्वतःची पथके काढतात. या पथकांच्या हातून एक निरपराध माणूस मार खातो. पोलिसांविषयीचा राग वाढत जातो आणि एका पोलिसाच्या मुलीला, बाप पोलीस आहे एवढ्याच कारणावरून, मारहाण होते. गंमत म्हणजे खुनीही कुणी लुटारू नसतो. बायकांवर अत्याचार करून सुटलेल्या पुरुषांना शिक्षा देणे, हाच त्या खुनांमागचा हेतू असतो. म्हणजे कायदा हातात घेणारे दोन्ही बाजूंना आहेत आणि मधे थकलेला, मधुमेह जडण्याच्या वाटेवरचा वॉलंडर उभा आहे.

आपल्या रहस्यकथेला हा विषय तसा परका नाही, पण आपण त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड पोलिसांच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवत आणि आम्ही पोरे त्यांच्या बाजूने असायचो. पुढे मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही पोलीस तपासावरची मालिका आली. तिच्या नावातच पोलिसांचा फोन नंबर होता, म्हणजे गोष्टीची सुरुवातच कुणीतरी पोलिसांना कळवण्यापासून. या दोन परंपरांत एक फट आहे. एका परंपरेत एकटा शूर माणूस न्याय करतो, दुसरीत खाते तपास करते. गल्लीतली पंधरा साधी, कामधंदा करणारी माणसे रात्री दीड वाजता काय करतात, हे दोन्हींत येत नाही. रहस्यकथेचा कणा म्हणजे लपलेला एक गुन्हेगार. जमावाच्या गुन्ह्यात लपलेले काहीच नसते. सगळ्यांनी पाहिलेले असते आणि सांगणारा कुणी नसतो. माझ्या गल्लीतला पहिला फटका वॉलंडरलाही शोधता आला नसता.

माग आणि हवाली

मग गस्त घालणे चूक आहे का? अजिबात नाही. ती आपल्याकडे फार जुनी व्यवस्था आहे. दख्खनच्या गावगाड्यात जागल्या असे. गावात चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढणे त्याचे काम. माग गावाच्या शिवेपर्यंत गेला की तो शेजारच्या गावाच्या जागल्याला दाखवून त्याच्या हवाली करायचा. पुढची जबाबदारी त्या गावाची. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. मला त्यातला ‘हवाली’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जागल्याला आपले काम कुठे संपते हे ठाऊक होते. जातीवर लादलेल्या या कामात अन्याय पुष्कळ होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण माग आणि शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या माणसांच्या हातात असाव्यात, एवढी समज त्या रीतीत होती.

आजचा कायदाही हेच सांगतो. सामान्य नागरिकाला कुणालाही पकडता येतच नाही, हा गैरसमज आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३ नागरिकाला तो अधिकार देत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४० मध्ये आहे. अटी मात्र नेमक्या आहेत. गुन्हा आपल्या समोर घडलेला हवा, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, किंवा माणूस फरारी म्हणून घोषित झालेला हवा. आणि पकडल्यावर त्याला विनाविलंब पोलिसांच्या हवाली करायचे. नव्या संहितेने या हवालीला सहा तासांची कमाल मर्यादाही घातली आहे. ‘काल इमारतीत फिरत होता’ हे यातल्या कुठल्याच अटीत बसत नाही. स्वीडनच्या कायद्यातही जवळपास असेच आहे. तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा करताना किंवा करून पळताना सापडलेल्याला कुणीही धरू शकतो, पण लगेच जवळच्या पोलिसाच्या ताब्यात द्यावे लागते.

तेव्हा गस्त आणि जमाव यांच्यातला फरक हातातल्या काठीने ठरत नाही, मनातल्या हेतूनेही ठरत नाही. आमचा हेतू चांगलाच होता. फरक ठरतो तो पकडलेला माणूस पुढे कुणाच्या तरी हवाली होतो की नाही, यावर. ही साखळी कुठे तुटते, हे पाहायला महाराष्ट्रातल्या तीन घटना पुरेशा आहेत.

तीन ठिकाणी तुटलेली साखळी

पहिली घटना धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याची. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा रविवार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले. संशय आला, आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. ग्रामपंचायतीची खोली! खरे तर माणसाला पोलीस येईपर्यंत सुरक्षित ठेवायला गावात याहून योग्य जागा नव्हती. दार होते, कडी होती, कायद्याची पाटी होती. तिथेच हवाली करणारे मारेकरी झाले. शतकानुशतके गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या माणसांना गावाने ‘अनोळखी’ ठरवले. मांकेलच्या कादंबरीत एक शब्द पुरला, इथे एक फॉरवर्ड पुरला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले.

दुसरी घटना पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेची. २०१४ पर्यंत हा मुलूख आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. चोर आणि मुले पळवणारे येतात या अफवेने गावकरी रात्री पहारा देत होते. अंत्यविधीसाठी सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांची गाडी अडवली गेली आणि तिघांना जमावाने मारले. या वेळी पोलीस पोचले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत हे घडले. शंभरावर लोकांना अटक झाली. इथे साखळीची दुसरी कडी समोर उभी होती, पण शेकडोंच्या पुढे मूठभर पोलीस. आणि जमाव एकदा पेटला की त्याला हवाली करायचेच नसते.

तिसरी घटना या दोहोंसारखी नाही आणि तिला त्यांच्या ओळीत सहजपणे बसवणे अन्यायाचे होईल. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, सुनावणीसाठी आणलेल्या अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगरच्या बायकांनी ठार मारले. इथे अफवा नव्हती. बलात्कार, खून, खंडणी यांनी त्या वस्तीला त्याने दहा वर्षांहून अधिक काळ छळले होते. वस्तीतल्या तक्रारींची दाद लागत नव्हती. म्हणजे बायका वर्षानुवर्षे ‘हवाली’च करत होत्या, घेणारा हात पुढे येत नव्हता. पोलीस पकडायला गेले तेव्हा कितीतरी जणींनी ‘आम्ही सगळ्यांनी मारले’ असे सांगितले. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. या प्रकरणावर बेतलेला ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट २०२१ मध्ये आला. त्यात अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू होते. पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर याच प्रकरणाची माहितीपट मालिकाही आली.

चित्रपट पाहताना मी बायकांच्या बाजूने होतो आणि आजही आहे. पण त्या रात्रीची बॅटरी हातात धरलेला माणूस म्हणून एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ‘आम्ही सगळ्यांनी’ हे वाक्य कस्तुरबानगरमध्ये एकमेकींना वाचवणारे आहे. राईनपाड्यात आणि आमच्या गल्लीत तेच वाक्य एकेकट्याला जबाबदारीतून सोडवणारे आहे. शब्द तेच, पण एका ठिकाणी ते पुढे येऊन म्हटले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी मनातल्या मनात. आणि कस्तुरबानगरचा धडा बायकांना नाहीच, तो पोलीस ठाण्यांना आहे. तक्रार घेणारे टेबल रिकामे राहिले की लोक दुसरीकडे जातात.

आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा अशा कारणांवरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. पहिला फटका कुणाचा, हे शोधत बसायची गरज नाही. बॅटरी धरणाराही त्यातून सुटेलच असे नाही. पण हा कायदा माणूस मेल्यानंतरचा आहे. मरण्याआधीचा उपाय कुठे आहे?

भिवंडीने काय केले

एक उत्तर खोपटहून तासाभराच्या अंतरावर सापडते. भिवंडीत १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस, असे ते नियमित बसू लागले. नळावरचे भांडण, गटाराची तक्रार, कुणाच्या तरी पोराची छेडछाड, असले किरकोळ विषय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ती का जळली नाही, हा प्रश्न घेऊन खोपडे यांनी पुढे पुस्तकही लिहिले. त्या धर्तीवर मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला समित्या झाल्या. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशी माणसे त्यामागे होती.

भिवंडीच्या समित्यांचे मर्म मला असे दिसते : त्यांनी लोकांना काठ्या दिल्या नाहीत, ओळख दिली. दंगल नसलेल्या दिवसांत शिपायाचे नाव माहीत झाले, शिपायाला घरे माहीत झाली. अफवा आली तर ती कुणाला विचारून पडताळायची, हे आधीच ठरलेले होते. म्हणजे हवाली करण्याची वाट संकटाच्या आधी तयार झाली होती. आमच्या चाळीत आम्ही शिट्ट्या घेतल्या, बॅटऱ्या घेतल्या, चहाचीही पाळी लावली. पण माणूस सापडला तर पुढे काय, हे एकदाही बोललो नाही. त्या रात्री चौकीवर कुणाला जायचे हे ठरलेले असते, तर मी बॅटरी घेऊन चौकीकडे धावलो असतो. कंडक्टर आले हे आमचे नशीब. त्यांनी केले ते वॉलंडरचेच काम, पुरावा मागितला.

यातले काही मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले. लांबलचक झाले, म्हणून बहुतेकांनी वाचले नसावे. मग बैठकीत तीनच गोष्टी मांडल्या. गस्त घालणाऱ्यांची नावे आणि वेळा वहीत लिहाव्यात. अनोळखी माणसाला आधी ‘कुणाकडे आलात?’ एवढे विचारावे आणि अंगाला हात लावू नये. आणि शंका आली तर ११२ ला फोन कुणी करायचा, हे त्या त्या रात्रीपुरते आधी ठरवावे. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसऱ्यावर एक तरुण म्हणाला, ‘काका, पोलीस येईपर्यंत तो थांबणार आहे का?’ प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटले, ‘नाही थांबला तर जाऊ दे. सायकल गेली, अजून एक जाईल.’ कुणी हसले नाही. शेवटी तिसरीही वहीच्या पहिल्या पानावर लिहिली गेली.

फोटोतला तो तरुण कोण होता ते आम्हाला कळलेच नाही. कुरियरवाला असेल, ट्यूशनचा पत्ता शोधणारा असेल, चोरही असेल. ग्रुपवरचा तो फोटो मी काढून टाकायला लावला. पण तोवर तो शेजारच्या तीन सोसायट्यांत पोचला होता, आणि तिथल्या वहीत काय लिहिले आहे, किंवा वही आहे का, हे मला माहीत नाही. दिवाळीत रात्री उशिरा घरी परतणारी, पत्ता चुकणारी माणसे पुष्कळ असतात.